दोन प्रयोगशाळा

विज्ञानाचा तास संपला की कोणीतरी विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, शास्त्रज्ञ व्हायचे असेल तर काय शिकावे लागते?" या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे आहे. त्यापुढचा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. शास्त्रज्ञ झाल्यावर काम कुठे करायचे? पुस्तकातल्या चित्रात शास्त्रज्ञ पांढरा कोट घालून परीक्षानळीकडे पाहत उभा असतो. ती परीक्षानळी कोणाच्या मालकीची आहे, हे चित्रात दिसत नाही. मला विचाराल तर शास्त्रज्ञाचे निम्मे आयुष्य त्या मालकीवर ठरते.

मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी. १९७४ साली एम.एस्सी. झालो. माझा एक वर्गमित्र होता. आम्ही दोघे वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहत होतो आणि एकाच पुस्तकातून अभ्यास करत होतो, कारण दुसरे घेण्याइतके पैसे दोघांकडेही नव्हते. पुढे तो मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवू लागला. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषधांच्या कारखान्यात, संशोधन विभागात नोकरीला लागलो. माझा पहिला पगार त्याच्या पगारापेक्षा बराच जास्त होता. आमच्या दोन्ही घरांत त्या वेळी एवढ्याच गोष्टीची चर्चा झाली.

पगाराची गोष्ट मी येथेच संपवतो. फरक होता, आणि तो महत्त्वाचा नव्हता असे म्हणणे ढोंगीपणाचे होईल. पण नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझ्या हातात जी वस्तू पडली, तिने मला पगारापेक्षा जास्त शिकवले. ती वस्तू म्हणजे एक जाड पुठ्ठ्याची वही. तिच्या प्रत्येक पानावर क्रमांक छापलेला होता. पान फाडायचे नाही. पेन्सिलने लिहायचे नाही. काही खोडायचे असेल तर एक सरळ रेघ ओढायची आणि शेजारी सही करायची. रोज संध्याकाळी दुसऱ्या सहकाऱ्याने आपले पान वाचायचे आणि 'वाचले व समजले' असे लिहून तारखेसह सही करायची. उद्या पेटंटचा वाद न्यायालयात गेला, तर कोणत्या दिवशी कोणी काय केले याचा पुरावा ही वही देणार होती. पेटंट म्हणजे आपल्या शोधाचा ठरावीक वर्षे फक्त आपणच फायदा घेण्याचा कायदेशीर हक्क. नोकरी सोडताना सगळ्या वह्या कंपनीकडे ठेवायच्या. चौतीस वर्षांत मी एकसष्ट वह्या भरल्या. त्यातली एकही माझ्या घरी नाही.

आता तेथले काम कसे असते ते सांगतो. शाळेत तुम्ही चंबूत दोन पदार्थ मिसळता, चंबू गरम झाला तर तो थंड पाण्यात धरता. काम झाले. कारखान्यात हेच काम एक हजार लिटरच्या पोलादी भांड्यात करायचे असते. तुम्ही म्हणाल, सगळे हजारपट घ्या म्हणजे झाले! पण तसे होत नाही. एक लिटरचा चंबू लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही बाजूंनी दहापट वाढवला, तर त्यात मावणारा माल हजारपट होतो, पण त्याची बाहेरची बाजू फक्त शंभरपट होते. उष्णता निर्माण होते ती मालात आणि बाहेर पडते ती बाजूंमधून. म्हणजे उष्णता हजारपट आणि तिला बाहेर जाण्याची वाट मात्र शंभरपट. जी अभिक्रिया चंबूत गरीब गायीसारखी वागते, ती मोठ्या भांड्यात बेफाम होऊ शकते. झाकण उडू शकते, आग लागू शकते. या एका अडचणीवर तोडगा काढण्यात माझी कितीतरी वर्षे गेली. एक पदार्थ थेंबाथेंबाने सोडायचा की एकदम? भांड्याभोवती बर्फाचे पाणी फिरवायचे की मिठाचे? हे काम कोणत्याही पाठ्यपुस्तकात येत नाही, पण ते अस्सल विज्ञान आहे. महाविद्यालयातले काही विद्वान त्याला नाक मुरडतात. त्यांनी एकदा रात्रपाळीला येऊन तापमापकाचा काटा वर चढताना पाहावा!

कारखान्याचे आणखी एक सुख होते. मागितलेले रसायन आठ दिवसांत टेबलावर येई. उपकरण बिघडले तर दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचा माणूस हजर. आणि आपण केलेली गोष्ट औषधाच्या दुकानात गोळी होऊन येते, ती कोणीतरी घेतो आणि त्याचा ताप उतरतो, हे पाहण्यात मोठे समाधान असते.

पण प्रश्न आपला नसतो. एका औषधावर आम्ही सहा जण अडीच वर्षे राबत होतो. एका सोमवारी सकाळी अकरा वाजता बैठक बसली. बाजारात त्या मालाचा भाव उतरला होता. साडेअकराला काम बंद करण्याचा निर्णय झाला. त्यात तक्रार करण्यासारखे काही नव्हते. पैसा कंपनीचा, प्रश्नही कंपनीचा. मात्र त्या शेवटच्या आठवड्यात चंबूच्या तळाशी मला फिकट पिवळे स्फटिक दिसले होते. आमच्या हिशेबाने ते तेथे यायलाच नको होते. ते काय आहे हे शोधायला मला चार आठवडे हवे होते. ते मिळाले नाहीत. ते स्फटिक काय होते, हे मला आजतागायत माहीत नाही.

माझ्या मित्राकडे याच्या उलट स्थिती होती. त्याची प्रयोगशाळा म्हणजे शिकवण्याच्या प्रयोगशाळेचा एक कोपरा. आठवड्याला वीस तास शिकवणे, उत्तरपत्रिका तपासणे, परीक्षेच्या वेळी पर्यवेक्षण करणे. संशोधनासाठी उरत ती फक्त संध्याकाळ आणि मे महिन्याची सुटी. अनुदान फेब्रुवारीत हाती पडे आणि ३१ मार्चच्या आत खर्च करावे लागे. एखाद्या पदार्थाची साधी तपासणी करायची तर नमुना पाकिटात घालून पुण्याला पाठवायचा आणि दोन महिने टपालाची वाट पाहायची.

पण त्याचा प्रश्न त्याचा स्वतःचा होता. बारतोंडी नावाचे एक झाड तुम्ही पाहिले असेल. त्याला आल असेही म्हणतात. त्याच्या मुळ्यांतून तांबडा रंग निघतो. कृत्रिम रंग बाजारात येण्यापूर्वी आपल्याकडे या रंगाने कापड रंगवत. कापडाला आधी तुरटी लावायची, मग मुळ्यांच्या पाण्यात उकळायचे. माझ्या मित्राच्या गावी एका म्हाताऱ्या रंगाऱ्याने त्याला सांगितले होते की, काळ्या जमिनीतल्या मुळीची छटा वेगळी आणि मुरमाड जमिनीतल्या मुळीची वेगळी. "हे असे का होते, सर?" रंगाऱ्याने विचारले. माझा मित्र त्या एका प्रश्नामागे अठरा वर्षे लागला. या कामातून त्याला एक पैसाही मिळाला नाही. तीन छोटे शोधनिबंध मात्र छापून आले. त्यातला एक वाचून परदेशातल्या एका वस्तुसंग्रहालयातून पत्र आले. तेथे जुने हिंदुस्थानी कापड जतन केलेले होते आणि त्याचा रंग कशाचा आहे हे त्यांना ओळखायचे होते. माझ्या मित्राने ते पत्र काचेखाली ठेवले आहे. माझ्या एकसष्ट वह्या वाचून मला कोणी पत्र पाठवणार नाही.

याच कामात एकदा मोठा पेच आला. मुळ्यांतले दोन रंगीत पदार्थ एकमेकांपासून वेगळे होईनात. सुटीत तो माझ्या घरी आला आणि जेवता जेवता त्याने सगळी अडचण सांगितली. कोणते द्रावक वापरले, किती वेळ ठेवले, सगळे. मला घास गिळवेना. कारण तशाच दोन पदार्थांना वेगळे करण्याची युक्ती आम्ही कारखान्यात सहा महिन्यांपूर्वी शोधून काढली होती. ती वहीत होती आणि वही कपाटात कुलूपबंद होती. नोकरीला लागताना मी करारावर सही केली होती की, येथले काम बाहेर सांगणार नाही. त्या करारावर चारशे माणसांची रोजीरोटी अवलंबून होती, हेही मी जाणत होतो. मी त्याला वाढले, पाणी दिले आणि म्हणालो, "निघेल काहीतरी मार्ग."

मार्ग त्याने काढला. त्याला आठ महिने लागले. पुढे काही वर्षांनी आमचे पेटंट प्रसिद्ध झाले. पेटंट मिळाले की पद्धत जाहीर करावीच लागते, असा नियम आहे. माझ्या मित्राने ते वाचले आणि मला विचारले, "त्या दिवशी जेवताना तुला हे माहीत होते ना?"

"होय," मी म्हणालो.

"मला वाटलेच होते. तू त्या दिवशी भात परत घेतला नाहीस."

त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही. मैत्री टिकली, पण तेव्हापासून तो मला आपल्या प्रयोगातल्या अडचणी सांगत नाही. मीही विचारत नाही.

हा पेच आम्हां दोघांपुरताच नाही. अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. ते हार्वर्ड विद्यापीठात शिकवत. ड्यू पाँट कंपनीने त्यांना बोलावले तेव्हा त्यांनी आधी नकार दिला. कंपनीने पुन्हा आग्रह केला आणि आपल्याला हवे ते मूलभूत संशोधन करू देऊ असे सांगितले. १९२८ साली ते तेथे गेले. पहिली दोन-तीन वर्षे कंपनीने शब्द पाळला. लांबच लांब रेणू कसे तयार होतात याविषयी त्यांनी जे निबंध छापले, ते आजही या शास्त्राचा पाया मानले जातात. मग अधिकारी बदलले आणि विकता येईल असे काहीतरी द्या, हा तगादा सुरू झाला. फेब्रुवारी १९३५ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले. १९४० साली नायलॉनचे मोजे दुकानांत आले, तेव्हा ते पाहायला कॅरोथर्स हयात नव्हते. तगाद्याशिवाय नायलॉन झाले असते का? मला शंका आहे. आणि सुरुवातीच्या मोकळ्या वर्षांशिवाय? मुळीच नाही.

जॉन बार्डीन यांचा प्रवास उलट्या दिशेने झाला. ट्रान्झिस्टरच्या शोधात त्यांचा मोठा वाटा होता. हा शोध डिसेंबर १९४७ मध्ये बेल या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला. पण त्यानंतर त्यांना हव्या त्या विषयावर काम करू देईनात. १९५१ साली ते कंपनी सोडून इलिनॉय विद्यापीठात गेले. काही धातू अतिशय थंड केले की त्यांचा विजेला होणारा विरोध पूर्ण नाहीसा होतो, तो का, हा त्यांचा आवडता प्रश्न होता. त्याचे उत्तर त्यांनी आपल्या दोन तरुण सहकाऱ्यांसह १९५७ साली दिले. त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोन वेळा मिळाले, १९५६ साली कंपनीत केलेल्या कामासाठी आणि १९७२ साली विद्यापीठात केलेल्या कामासाठी. असा मान एखाद्यालाच मिळतो, म्हणून त्यावरून आपला हिशेब मांडू नये. पण कोणती प्रयोगशाळा श्रेष्ठ, असा वाद कोणी घालू लागले की मला बार्डीन आठवतात.

आपल्याकडे या दोन प्रयोगशाळांमधली भिंत ज्यांनी पाडायचा प्रयत्न केला, त्यांत शांतिस्वरूप भटनागर यांचे नाव पहिले घ्यावे लागेल. ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठात प्राध्यापक होते. तुम्हांला ऐकून आनंद होईल की, ते उर्दूत कविता करत आणि विद्यार्थिदशेत त्यांनी उर्दूत एक नाटकही लिहिले होते. १९३० च्या दशकात रावळपिंडीजवळ तेलाच्या विहिरी खोदणारी एक कंपनी अडचणीत सापडली. खोदताना छिद्रात चिखल सोडावा लागतो. पण जमिनीतल्या खाऱ्या पाण्याशी गाठ पडली की तो चिखल घट्ट होऊन बसे आणि खोदकाम थांबे. भटनागरांनी त्यात एक देशी डिंक मिसळून पाहिला. चिखल पातळ राहू लागला. केवढा साधा उपाय! खूश झालेल्या कंपनीने संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळचे दीड लाख! भटनागरांनी ते स्वतःसाठी घेतले नाहीत. ती रक्कम विद्यापीठाला मिळाली आणि तेथे खनिज तेलाच्या संशोधनाचा विभाग सुरू झाला. पुढे १९४२ साली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली, तिचे तेच पहिले प्रमुख. या परिषदेने देशभर राष्ट्रीय प्रयोगशाळा उभारल्या. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली. अशा प्रयोगशाळा महाविद्यालयही नाहीत आणि कारखानाही नाहीत. त्यांना तिसरी वाट म्हणता येईल.

या तिन्ही वाटा कशा एकत्र येतात, हे एका औषधाच्या गोष्टीवरून कळेल. १९६४ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात जेरोम हॉर्विट्झ या संशोधकाने कर्करोगावर औषध म्हणून एक पदार्थ तयार केला. तो कर्करोगावर चालला नाही. त्यांनी त्याचे पेटंटही घेतले नाही. पदार्थ मागे पडला, पण त्याची कृती छापलेली होती. वीस वर्षांनी एड्स हा नवा रोग आला आणि तोच पदार्थ त्यावर उपयोगी पडतो असे आढळले. १९८७ साली एका मोठ्या कंपनीने तो औषध म्हणून बाजारात आणला. एझेडटी असे त्याचे नाव. त्याची किंमत इतकी होती की गरीब देशांनी त्याचा विचारही करू नये.

आपल्या देशात तेव्हा १९७० चा पेटंट कायदा होता. त्या कायद्याने औषधावर मालकी मिळत नसे, फक्त ते तयार करण्याच्या पद्धतीवर मिळे. म्हणजे दुसरी पद्धत शोधली तर तेच औषध येथे करता येई. माझी सगळी नोकरी या एका कलमावर चालली, असे म्हटले तरी चालेल. हैदराबादच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत ए. व्ही. रामाराव यांनी एझेडटी तयार करण्याची पद्धत बसवली आणि मुंबईच्या सिप्ला कंपनीने ते औषध बाजारात आणले. सिप्ला ही १९३५ साली ख्वाजा अब्दुल हमीद यांनी स्थापन केलेली कंपनी. ते स्वतः बर्लिनला शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी केंब्रिजला रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि मग विद्यापीठात न राहता ते कारखान्यात आले. २००१ साली याच कंपनीने एड्सवरच्या तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा ३५० डॉलरना देऊ केला. तोपर्यंत श्रीमंत देशांत त्याच उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक पडत. आता यात श्रेय कोणाचे? पद्धत छापून ठेवणाऱ्या डेट्रॉइटच्या संशोधकाचे, हैदराबादच्या प्रयोगशाळेचे की मुंबईच्या कारखान्याचे? यांतला एक जरी गाळला, तरी ती गोळी रोग्यापर्यंत पोहोचत नाही. २००५ पासून आपला कायदा बदलला आहे. आता औषधावरही पेटंट मिळते. त्यामुळे नुसती दुसरी पद्धत शोधून भागत नाही, नवे औषधच शोधावे लागते. त्याला वेळ आणि पैसा कितीतरी जास्त लागतो.

आमच्या वर्गात एक मुलगी होती. आमच्या दोघांपेक्षा हुशार. तिलाही कारखान्यात यायचे होते. पण १९४८ च्या कारखाना कायद्यात संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत स्त्रियांना कारखान्यात कामाला बंदी होती. संशोधन विभागातल्या माणसालाही मोठ्या भांड्यावर पाळी करावी लागे. ती करता येणार नाही, म्हणून तिचा अर्ज परत आला. तिने शाळेत शिकवले, छान शिकवले. पण वाट निवडली असे तिच्याबाबत म्हणता येत नाही. आता सुरक्षिततेच्या अटी पाळून स्त्रियांना रात्रपाळीची परवानगी मिळू लागली आहे आणि मोठ्या भांड्यांपाशी मुली उभ्या दिसतात.

त्यांच्यातलीच एक माझ्या मित्राची विद्यार्थिनी. मागच्या वर्षी तिला एका कंपनीच्या संशोधन विभागात नोकरी मिळाली. सही करण्यापूर्वी तिने करार आम्हां दोघांना वाचायला आणून दिला. करार बावीस पानांचा होता. माझ्या मित्राने चष्मा पुसला आणि एका कलमाखाली पेन्सिलने रेघ ओढली. नोकरीपूर्वी विद्यार्थिनीने केलेले काम कंपनीचे धरले जाईल की काय, असा संशय त्या कलमातून येत होता. मी दुसऱ्या कलमाखाली रेघ ओढली. नोकरी सोडल्यावर पाच वर्षे त्या विषयावर कोठेही बोलायचे नाही, असे ते कलम होते. तिने दोन्ही कलमांविषयी कंपनीला नम्रपणे पत्र लिहिले. पंधरा दिवसांनी उत्तर आले. पहिले कलम त्यांनी बदलून दिले. दुसऱ्यात पाचाची तीन वर्षे केली. तिने सही केली आणि सोमवारी कामावर गेली.